न्हाणीघराच्या टाइल्सखाली विजेची ऊब : ग्वाल्हेरच्या थंडीसाठी केलेलं काम, पायरी पायरीने

जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातलं आमचं जुनं घर तर तळमजल्याचं, दगडी भिंतींचं. मागच्या खेपेच्या थंडीत एकदा सकाळी सहाला न्हाणीघराची फरशी मोजली. ती ११ अंश होती. गिझरचं पाणी कढत असलं तरी आईला त्या फरशीवर अनवाणी उभं राहावं लागे, आणि गुडघे आखडले की पाऊल नीट पडत नसे. वरून हीटर लावून पाहिला, पण हवा तापली तरी फरशी थंडच राहिली. मग टाइल्सखाली तापणारी केबल घालायचं ठरवलं. ते काम कसं केलं, कुठे अडलं आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करीन, ते सगळं इथे लिहितो.

ही ऊब काय करते आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्या. दोन-तीनशे वॅटमध्ये खोली तापत नाही, विशेषतः आपल्याकडे व्हेंटिलेटरची झडप कायम उघडी असते तेव्हा. फरशीतला गारवा मात्र जातो आणि ओली फरशी लवकर कोरडी होते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो. भाड्याच्या घरात किंवा टाइल्स नुकत्याच बसवल्या असतील तिथे याच्या नादी लागू नका. फरशी उखडल्याशिवाय हे काम होत नाही.

आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

लष्करातल्या कितीतरी जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्याची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. आमच्याकडे तसंच निघालं. ओल्या फरशीखाली २३० व्होल्टची केबल घालायची तर अर्थिंग खरंखुरं हवं, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. केबलमधून थोडीशीही वीज जमिनीत पाझरली तर हा स्विच क्षणात बंद पडतो. ही केबल जाळीवर बसवलेल्या मॅटच्या रूपात मिळते. मॅट घेताना केबलभोवती धातूची जाळी किंवा आवरण आहे ना ते बघा. ते आवरण अर्थला जोडायचं असतं. ते नसलेली केबल स्वस्तात मिळाली तरी न्हाणीघरात नको.

लायसनधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर नवा अर्थ पिट करा. बोर्डापासून थर्मोस्टॅटपर्यंत (फरशीचं तापमान बघून मॅट चालू-बंद करणारा स्विच) वेगळी लाइन ओढा. त्यावर ६ अँपिअरची एमसीबी पुरते. थर्मोस्टॅट न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर बसवा, आत नाही. आपण बादलीने अंघोळ करतो, पाणी कुठेही उडतं. ही मॅट इन्व्हर्टरच्या लाइनवरही जोडू नका, नाहीतर वीज गेली की बॅटरी फरशी तापवण्यात संपेल.

कागदावर फरशी मांडा

आमचं न्हाणीघर आठ फूट बाय सहा. पण केबल सगळीकडे घालायची नसते. कमोडखाली, बेसिनच्या खांबाखाली, कपाट ठेवणार असाल त्याखाली ती जात नाही. उष्णता वर निघायला वाट नसली की केबल तिथेच जास्त तापते आणि बिघडते. शिवाय कमोड जमिनीला स्क्रूने बसतो, तो स्क्रू नेमका केबलमध्ये जाऊ शकतो. मोरीच्या कोपऱ्यात, जिथे नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी निघून जायचं तोंड, आहे आणि बादल्या ओतल्या जातात, तिथेही मी केबल घातली नाही. ओतलेल्या पाण्याबरोबर सगळी ऊब ट्रॅपमध्येच जाणार. शेवटी उरली ती दारापासून बेसिनपर्यंत, कमोडपुढची जागा : सुमारे चार फूट बाय साडेपाच फूट, म्हणजे दोन चौरस मीटर. आई उभी राहते ती नेमकी हीच जागा.

यात भिंतीपासून आणि कडांपासून पाच ते दहा सेंटिमीटर सोडून दीड चौरस मीटरची मॅट बसते. मॅट बहुतेक ५० सेंटिमीटर रुंद असते. ही तीन मीटर लांब, म्हणजे दीड-दीड मीटरचे दोन पट्टे शेजारी शेजारी. मोकळ्या जागेपेक्षा मॅट थोडी लहानच घ्या. मोठी आली तर कापता येत नाही. कापायची ती फक्त केबलला धरून ठेवणारी जाळी, आणि जाळी कापून मॅट वळवता येते. तापणारी केबल कापून आखूड केली तर तिचा रेझिस्टन्स बदलतो आणि ती कामातून जाते. शेवटी जोडलेली न तापणारी शेपूट मात्र गरजेप्रमाणे आखूड करता येते.

मॅट घेताना एकाच टोकाला दोन्ही तारा येणारी, दुहेरी तारेची घ्या. एकेरी तारेच्या मॅटचं दुसरं टोक पुन्हा थर्मोस्टॅटपर्यंत परत आणावं लागतं, आणि लहान न्हाणीघरात त्यासाठी वाट काढणं म्हणजे छळ असतो. क्षमता चौरस मीटरला १५० वॅट ठीक. फरशीखाली इन्सुलेशन घालताच येत नसेल तरच २०० घ्या.

आता थोडा हिशेब, तो पुढे सतत लागणार आहे. दीड चौरस मीटर गुणिले १५०, म्हणजे २२५ वॅट. करंट जेमतेम एक अँपिअर. रेझिस्टन्स काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट : २३० गुणिले २३० भागिले २२५, म्हणजे २३५ ओहम. मॅटच्या लेबलवर हाच आकडा असतो आणि उणे ५ ते अधिक १० टक्के फरक चालतो. म्हणजे २२३ ते २५९ यामधलं काहीही ठीक. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा.

उंची आणि उतार, जिथे घरोघरी चूक होते

परदेशी माहितीपत्रकांत न्हाणीघर सपाट धरलेलं असतं. केबलवर सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड ओता, ते आपोआप सपाट होईल, असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे हेच नको असतं. आपल्या फरशीला ट्रॅपकडे मीटरला १० ते १२ मिलिमीटर ढाळ हवा. ओतलेलं कंपाउंड तो ढाळ बुजवून टाकेल आणि पाणी दाराशी साचेल. म्हणून ढाळ खालच्या थरातच काढायचा आणि वरचे सगळे थर त्याच ढाळाने, थापीने ओढायचे. हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

दुसरा प्रश्न उंचीचा. १० मिमी इन्सुलेशन बोर्ड, केबल झाकणारा ८ ते १० मिमी थर, वॉटरप्रूफिंग, टाइल चिकटवायचं ॲडहेसिव्ह आणि ९ मिमीची टाइल. सगळं मिळून साधारण ३० ते ३५ मिमी होतं. जुन्या टाइल्सवरच हे चढवलं तर न्हाणीघर बाहेरच्या खोलीपेक्षा उंच होऊन बसतं. त्यामुळे जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला काढावाच लागतो. आमच्याकडे दोन इंची दगडी लाद्या होत्या, त्या काढल्यावर जागा आपोआप झाली. लाद्या आता अंगणात आहेत.

काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचं ऊन ४५ अंशांवर जातं आणि ॲडहेसिव्ह थापीवरच सुकू लागतं. ऐन थंडीत काढलं तर थर वाळायला वेळ लागतो आणि घरातलं न्हाणीघर नेमकं हवं तेव्हा बंद राहतं.

खालचे थर

फोडून झालं की ढाळाचा सिमेंट-वाळूचा थर घाला. आठवडाभर पाणी मारा, मग नीट वाळू द्या. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवरही फूटभर वर चढवून. ते सुकलं की ट्रॅप बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा. पातळी उतरली किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली तर दुरुस्ती आत्ताच करा. केबल घातल्यावर ही संधी मिळत नाही.

मग इन्सुलेशन बोर्ड. हा दाबलेल्या फोमचा असतो आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचा पातळ थर असतो. नुसता थर्माकोल चालत नाही, तो पायाखाली दबतो आणि वरच्या टाइल्स तडकतात. बोर्ड दातेरी थापीने ॲडहेसिव्ह लावून पूर्ण टेकवा, खाली पोकळी राहता कामा नये. सांध्यांवर टेप लावा. मोरीच्या भागातही बोर्ड घाला, म्हणजे उंची सारखी राहते. या बोर्डाला दुकानदार अनावश्यक खर्च म्हणेल. तो वाचवू नका. बोर्ड असला की टाइल अर्ध्या-पाऊण तासात कोमट लागते, नसला तर आधी खालची जमीन तापते आणि त्यात दोन-दोन तास जातात.

आता भिंतीत दोन कंड्युट पाइप, दोन्ही थर्मोस्टॅटच्या डब्यापासून खाली. एकातून मॅटची शेपूट, दुसऱ्यातून तापमापक सेन्सर. सेन्सरचा पाइप फरशीत केबलच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मधोमध संपायला हवा. केबलला चिकटला तर तो फरशी तापली असं खोटंच सांगतो. पाइपचं आतलं तोंड बंद करा, म्हणजे ॲडहेसिव्ह आत शिरत नाही, आणि भिंतीकडे वळताना वळण मोठं ठेवा. सेन्सर पाच-सात वर्षांनी बिघडलाच तर वरून ओढून नवा घालता यावा, यासाठीच हा पाइप. टाइल्स लावण्याआधी सेन्सर एकदा बाहेर काढून पुन्हा आत घालून बघा. बहुतेक सेन्सर २५ अंशांना १० किलोओहम दाखवतात, तेही मोजून लिहून ठेवा.

केबल आणि शेपटीचा सांधा केबलपेक्षा जाड असतो. त्याच्यासाठी बोर्डात खाच करा. हा सांधा भिंतीतल्या पाइपात ओढायचा नाही, फरशीतच ॲडहेसिव्हमध्ये पूर्ण बुडायला हवा.

मॅट अंथरणं आणि मोजणं

मॅट खोक्यातून काढताच पहिलं माप घ्या. मल्टीमीटरने दोन तारांमध्ये २३५ च्या आसपास यायला हवं. प्रत्येक तार आणि अर्थचं आवरण यांच्यामध्ये काहीच जोड दिसायला नको. त्यानंतर मेगरने (केबलच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) ५०० व्होल्टवर केबलचं इन्सुलेशन तपासा. नव्या केबलला खूप मोठा आकडा येतो. १० मेगाओहमच्या खाली आला तर मॅट परत पाठवा. मेगर इलेक्ट्रिशियनकडे असतो, त्याला त्या दिवशी हजर ठेवा. गुंडाळलेली मॅट “चालते का बघू” म्हणून सॉकेटला लावू नका. गुंडाळीत उष्णता अडकून केबल तिथेच जळते.

आधी सुकी मांडणी करा. पट्टा अंथरा, वळणावर जाळी कापा, दुसरा पट्टा परत आणा. केबल केबलवरून जायला नको आणि कंपनीने दिलेल्या अंतरापेक्षा दोन फेऱ्या जवळ यायला नकोत. मनासारखं बसलं की जाळीच्या मागचा चिकट भाग दाबून चिकटवा, सुटणाऱ्या जागी टेप लावा. या दिवसापासून न्हाणीघरात मऊ तळाच्या चपलांखेरीज काही नको. बादली टेकवायची तर खाली पुठ्ठा. दुसरं माप इथे घ्या.

आणि फोटो काढा. भिंतीला मोजपट्टी लावून, चारही बाजूंनी. पुढे कधी नवा कमोड किंवा दाराचा अडणा बसवायचा झाला तर ड्रिल कुठे चालेल ते हेच फोटो सांगतात.

केबल झाकायच्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमचं काम इथेच बिघडलं. लवचिक, पॉलिमर असलेलं ॲडहेसिव्हच वापरायचं. तापून-थंडावून फरशी किंचित फुगते आणि आक्रसते, साधा सिमेंटचा मसाला त्यात सुटतो. पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि टाइप ३ किंवा त्यावरचा प्रकार पाहा, आणि अंडरफ्लोअर हीटिंगला चालतं असं लिहिलेलं आहे ना तेही बघा. पहिला हात सपाट थापीने, केबलच्या दिशेने ओढून, केबल पूर्ण बुडेल असा. केबलभोवती हवा राहिली तर ती जागा भाजते.

मी मल्टीमीटर मॅटला जोडूनच ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने बघत होतो. मिस्त्री हुशार, हात अतिशय साफ, पण सवयीने त्याने कोपऱ्यात दातेरी स्टीलची थापी घेतली. दोन हात झाले आणि मीटरवर २३६ च्या जागी “ओएल” आलं, म्हणजे तार तुटली. मिस्त्री म्हणाला, “बाबूजी, कुछ तो नहीं हुआ, दिखाई ही नहीं देता.” खरंच दिसत नव्हतं. पण पाच मिनिटांपूर्वीचं माप ठीक होतं, म्हणजे नुकत्याच झालेल्या हातभर जागेतच काहीतरी होतं. ओलं ॲडहेसिव्ह बोटांनी बाजूला केलं तर दाताची नेमकी खूण सापडली. कंपनीचा जोडणीचा संच मागवला, त्याला आठ दिवस लागले. इलेक्ट्रिशियनने सांधा केला, पुन्हा मेगर लावला, मगच काम पुढे गेलं.

मीटर जोडलेला नसता तर हे टाइल्स, ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला), कमोड सगळं बसल्यावर कळलं असतं आणि अख्खी फरशी पुन्हा फोडावी लागली असती. म्हणून आग्रहाने सांगतो : थापी सपाट, जमल्यास प्लॅस्टिकची, आणि कोणीतरी एक जण मीटरजवळ बसलेला. हा थर पूर्ण झाला की तिसरं माप.

वरची बाजू

हा थर वाळला की त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंगचे दोन हात, म्हणजे ग्राउटमधून झिरपलेलं पाणी केबलपर्यंत जात नाही. मग टाइल्स. घसरणार नाहीत अशा, खरखरीत पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक घ्या. एक फूट बाय एक फूट बरा. दोन फुटी टाइल ढाळावर नीट बसत नाही, कापून कापून फरशीचं ठिगळ होतं. जाड दगड हवाच असेल तर तापायला जास्त वेळ लागेल हे धरून चाला. टाइल ठोकताना रबरी हातोडी, आणि चुकलेली टाइल पटाशीने उचकटायची नाही.

भिंतीलगत ५-६ मिमी फट सोडून ती सिलिकॉनने भरा. ग्राउट इपॉक्सीचंच. याचं कारण आपल्या घरांची सफाई आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला घराघरात ॲसिड ओतलं जातं, आणि सिमेंटचं ग्राउट त्यात दोन वर्षांत पोखरतं. इपॉक्सी महाग आहे, लावायला अवघड आहे, पण या फरशीला तेच हवं. आणि यापुढे ॲसिडही बंद करा.

टाइल्सनंतर चौथं माप. आमचं २३६ आलं, मेगरही स्वच्छ. तेव्हा आईला सांगितलं की झालं.

चालू करणं

लगेच चालू करू नका. ॲडहेसिव्ह आणि ग्राउट पूर्ण पक्कं व्हायला निदान सात दिवस द्या. पिशवीवर जास्त लिहिलं असेल तर तेवढे. घाईने तापवलं तर आतलं पाणी एकदम निघून थर कमकुवत होतो. केबल जाड सिमेंटच्या थरात गाडली असेल तर २८ दिवस थांबा. मग इलेक्ट्रिशियनकडून थर्मोस्टॅटला मॅट, अर्थचं आवरण आणि सेन्सर जोडून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा. पहिल्या दिवशी २० अंश ठेवा, रोज दोन-तीन अंश वाढवा.

शेवटी २७-२८ अंशांवर थांबा. पायाला तेवढं भरपूर उबदार लागतं. आमचं टायमर सकाळी सव्वापाचला सुरू होतं, आई सहाला जाते, साडेसातला बंद. सव्वादोन तास गुणिले २२५ वॅट, म्हणजे रोजचं अर्धं युनिट, आणि मधून मधून थर्मोस्टॅट बंद होतो त्यामुळे त्याहूनही कमी. तुलनेला सांगतो, १५ लिटरचा गिझर १२ अंशांचं पाणी ६० पर्यंत एकदा तापवतो त्यालाच साधारण ०.८ युनिट लागतं.

तापणाऱ्या जागेवर जाड पायपुसणं, पालथी घातलेली पाटी, रात्रभर ओल्या कपड्यांचा ढीग असं काही ठेवू नका. खाली उष्णता कोंडते. प्लॅस्टिकचा स्टूल चालतो, त्याला पाय असतात. पाट ठेवायची सवय असेल तर तो अंघोळ झाली की उचला.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही एमसीबी पाडून ठेवतो आणि दिवाळीनंतर चढवतो. चढवण्याआधी पुन्हा एकदा माप घेतो. बसवतानाची चारही मापं तारखांसह एका कागदावर आहेत, मॅटचं लेबल आणि फोटोंच्या प्रती त्याच कागदाला जोडल्या आहेत, आणि सगळं वितरण बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. उद्या मी घरी नसलो आणि वहिनींनी दुसऱ्याच कोणा मिस्त्रीला बोलावलं, तरी दार उघडताच त्याला दिसेल की या फरशीत केबल कुठून कुठे जाते.